हरणाबाईचं कोयनेल

माझ्या आजोबांची थोरली बहीण हरणाबाई लहानपणी फार भित्री होती. विहिरीत डोकावायची नाही, म्हशीच्या पुढून जायची नाही, दारात अनोळखी माणूस आला की पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बसायची. आजोबा, म्हणजे ज्ञानू, तिच्याहून लहान. पण परसाकडं जाताना तिला सोबत लागायची ती त्यांचीच. तासगावच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव, सगळा उघडा माळ. दारात उभं राहिलं की शेजारच्या गावाचं देऊळ दिसायचं, आणि वाटेनं येणारा माणूस कोण ते तो पोचायच्या कितीतरी आधी कळायचं. तेवढ्यानंच तिला धीर यायचा.

अशा मुलीला वडिलांनी शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या वरच्या डोंगरात दिली. वडील पहिल्या लढाईत पलटणीत होते. तिथं त्यांचा एक जोडीदार होता, करंजओढ्याचा. सोयरीक करायची असा दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता. जोडीदार पुढं घरी येऊन वारला, पण शब्द राहिला. त्याचा थोरला मुलगा आकाराम, तोही पलटणीतच. मुलगी कुठं चालली आहे हे वडिलांनी लग्नाआधी जाऊन पाहिलं नव्हतं.

करंजओढा म्हणजे डोंगराच्या घळीत बसलेली आठ-दहा घरं. तिन्ही बाजूंना रान, चौथ्या बाजूला खोल उतार. पावसाळ्यात धुकं दारातून आत यायचं आणि चुलीच्या धुरात मिसळून जायचं. भातखाचरं थोडी, बाकी उतारावर नाचणी आणि वरी. शिराळ्याचा बाजार गाठायचा तर पहाटे निघून रात्र वाटेत काढायची. हरणाबाई पहिली दोन वर्षं वाडीच्या हद्दीबाहेर गेलीच नाही. झऱ्यावर पाण्याला जायची तीसुद्धा जाऊ शालूबाईच्या पदराला पदर लावून. आकाराम रजेवर यायचा. तो अबोल होता, पण तिच्या भित्रेपणाला हसायचा नाही, हे तिला पुढं आयुष्यभर आठवत राहिलं. एक मूल झालं, ते जन्मताच गेलं.

एकोणीसशे चाळीस साली आकाराम दुसऱ्या लढाईवर गेला. बेचाळीसच्या पावसाळ्यात कळलं की आफ्रिकेच्या वाळवंटात तो बेपत्ता आहे. मेला असं कोणी सांगेना, जिवंत आहे असंही सांगेना. सासू मनुबाईनं पोराच्या नावानं एकदा मोठ्यानं रडून घेतलं आणि मग सुनेकडं बघणं सोडलं. हरणाबाईनं कुंकू लावलं तर म्हणायची, "कुणासाठी नटतीस?" आणि नाही लावलं तर म्हणायची, "माज्या लेकाला मारलास व्हय?"

वर्ष गेलं तसं मनुबाईच्या मनात वेगळंच शिजायला लागलं. धाकटा मुलगा नाथाजी घरात होता. आकाराम गेल्यापासून नांगरट, लावणी, कापणी सगळं त्याच्यावर आलेलं. त्याचा हरणाबाईशी दुसरेपणाचा पाट लावावा म्हणजे कामाला हाताशी असलेली बाई माहेरी जायची नाही, असं तिनं ठरवलं. नाथाजीला शालूबाई होती, दोन पोरं होती. त्याला हे नको होतं, हे हरणाबाईलाही दिसत होतं. तो तिच्यासमोर यायचा टाळायला लागला. पण आईपुढं बोलण्याची त्याची टाप नव्हती. दसऱ्यानंतर पाट लावायचा असं मनुबाईनं वाडीत सांगून टाकलं. शालूबाई त्या दिवसापासून हरणाबाईशी बोलेनाशी झाली. हरणाबाईला तर कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच भादव्यात हिवताप आला. ताप दरवर्षीच यायचा, पण त्रेचाळीस सालचा ताप वेगळा होता. आज थंडी वाजून पडलेला माणूस परवा बरळायला लागायचा. सगळ्यांच्या आधी हरणाबाईला आला आणि सगळ्यांच्या आधी उतरला. ती भिंतीला धरून उभी राहिली तेव्हा घरात सासू, दीर, जाऊ आणि दोन्ही पोरं अंथरुणात होती. शेजारी जाऊन बघितलं, तिथंही तेच. वाडीत पायावर उभी अशी ती आणि म्हातारी बनुबाई, दोघीच. बनुबाईच्या घरात तिचा नातू तापानं फणफणलेला.

बनुबाई म्हणाली, "हरणे, खाली जायला पायजे कुणीतरी. कोयनेल आणाय पायजे."

"मी?" हरणाबाई म्हणाली. "मला वाट ठावं न्हाई."

"मी सांगते. ओढा सोडू नगंस. ओढा नदीला नेतोय, नदी तुला माणसात नेईल."

आजोबा सांगायचे, आक्का आयुष्यात पहिल्यांदा एकटी चालली ती त्या दिवशी. पायात बळ नव्हतं. रानात जळवा इतक्या की थांबून काढायला लागलं तर पुढं जाणंच व्हायचं नाही, म्हणून तिनं त्या तशाच राहू दिल्या. एका उतारावरून ती घसरली आणि झुडपाला लटकून राहिली. खाली पाण्याचा आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. तिथं ती हमसून रडली. ऐकायला कोणी नाही हे कळल्यावर रडणं आपोआप थांबलं. मग ती वर चढली आणि चालू लागली. पुढं ती आजोबांना म्हणाली होती, "भ्या वाटायला बी कुणीतरी बघाय लागतंय, ज्ञानू. तितं कोण हुतं?"

शिराळ्यात डॉक्टरकडं तोबा गर्दी होती. सगळ्या खोऱ्यातून माणसं आली होती. कोयनेल, म्हणजे क्विनीन, जावा बेटातून यायचं; बेट जपान्यांनी घेतल्यापासून ते मिळेनासं झालं होतं, जे होतं ते फौजेला जात होतं. डॉक्टर म्हातारे होते आणि फार दमलेले होते. त्यांनी तिची हकीगत ऐकून घेतली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि एका कागदात मूठभर गोळ्या बांधून तिच्या हातात दिल्या.

"बाई, एवढ्याच आहेत," ते म्हणाले. "आता नीट ऐका. ह्या सगळ्या वाडीला एकेक वाटत बसू नका. एकेक दिली तर एकही जगणार नाही. ज्याला द्याल त्याला पुरी मात्रा द्या, रोज, ताप हटेपर्यंत. मुलांना अर्धी पुरते."

"मंग द्यायची कुणाला?" तिनं विचारलं.

डॉक्टर पुढच्या माणसाकडं वळले होते.

परतीच्या वाटेवर ती हाच विचार करत चढत होती. ती पोचली तेव्हा वाडीत एक माणूस आधीच गेला होता. तिनं बनुबाईला बोलावलं आणि घरोघरची पोरं मोजली. गोळ्या पोरांनाच पुरत होत्या, तेही जेमतेम. तिनं आधी बनुबाईच्या नातवाला दिली, मग शालूबाईच्या दोघांना. मनुबाई अंथरुणातून बघत होती.

"नाथाजीला दे," ती म्हणाली.

"आत्याबाई, पोरास्नी दिली तर उरत न्हाईत."

"पोरं पुन्ना व्हत्यात. घरातला कर्ता माणूस ग्येला तर पोरं खात्याल काय? दे त्येला."

नाथाजी कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसला होता. पडलेला नव्हता, बसला होता. हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे लाल होते, पण शुद्ध होती. अंगापिंडानं तो धिप्पाड, कधी आजारी न पडलेला. तिला वाटलं, हा तापातून निघेल.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी काय म्हणताय?"

नाथाजीनं पोरांकडं बघितलं. "पोरास्नी दे," एवढंच तो बोलला आणि पुन्हा घोंगडी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताप त्याच्या डोक्यात गेला. तो उठून दाराकडं जाऊ लागला, बैलांना हाका मारू लागला. हरणाबाईच्या पदरात पोरांच्या राहिलेल्या गोळ्या बांधलेल्या होत्या. मनुबाईनं तिच्या पायाला मिठी घातली. जिनं वर्षभर तिला माणसात मोजलं नव्हतं ती म्हातारी तिचे पाय धरून मागत होती. हरणाबाईनं पाय सोडवून घेतले आणि दोन्ही पोरांना अर्धी अर्धी गोळी गुळाच्या खड्यात घालून चारली. संध्याकाळी नाथाजी गेला.

प्रेत उचलायला माणूस नव्हता. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि रानातलं लाकूड सगळं ओलं. तिनं गोठ्याची एक बाजू उतरवली. त्याचे वासे, मेढी, वर्षानुवर्षं धुरानं सुकलेलं लाकूड, तेवढंच वाडीत कोरडं होतं. बनुबाई आणि तिनं मिळून नाथाजीला शिडीवर बांधला आणि ओढत ओढत ओढ्याकाठी नेला. शालूबाई दारापर्यंत आली आणि तिथंच बसली. मनुबाईला उठता येत नव्हतं. नाथाजीचा मुलगा ज्योतिबा पाच वर्षांचा, अजून तापातच. त्याला या पावसात आणायचं तर औषध दिलेलं वाया गेलं असतं.

"अग्नी कोण देणार?" बनुबाईनं विचारलं. "बाईमाणसानं न्हाई द्यायचा, हरणे."

"मंग असाच ठेवायचा?"

बनुबाई बाजूला सरली. हरणाबाईनं पेटती काडी लावली. वाटेत भिजलेलं लाकूड पेट घेईना, मग तिनं घरातलं तूप आणून ओतलं. जाळ वर आला तेव्हा तिला रडू आलं नाही. वेगळंच काहीतरी वाटलं, आणि ते काय होतं हे कळायला तिला थोडा वेळ लागला. दसऱ्यानंतरचा पाट आता व्हायचा नव्हता. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. पोरांना दिलेल्या गोळ्यांचं तिला कधी काही वाटलं नाही, पण त्या जाळापुढं आलेला हा सुटकेचा श्वास तिला पुढं कितीतरी वर्षं झोपू देत नव्हता.

बनुबाईचा नातू औषध घेऊनही वाचला नाही. लहान म्हणून त्याला पुरायचं कामही तिनंच केलं. शालूबाईची दोन्ही पोरं उठली. वाडीतली बाकीची बहुतेक पोरं उठली. मोठी माणसं काही गेली, काही आपापल्या बळावर उठली.

दिवाळीच्या सुमाराला उरलेले पुरुष हिंडते-फिरते झाले आणि बैठक बसली. कृष्णात म्हणून वाडीचा म्होरक्या होता. तापातून उठून तो काडीसारखा झाला होता. त्याचा स्वतःचा मुलगा हरणाबाईच्या गोळ्यांवर जगलेला. मनुबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं माझ्या लेकाला मुद्दाम मारला, पाट नको म्हणून मारला, आणि वर त्याला अग्नी दिला, त्याची गती बिघडवली.

कृष्णातनं विचारलं, "हरणाबाई, तुजं काय म्हणणं?"

वाडीत पाच-सहा वर्षं काढलेली ही बाई बैठकीत कधी उभी राहिली नव्हती. ती उभी राहिली.

"गोळ्या पोरास्नी दिल्या. तुमच्या बी पोराला दिली. नाथाभावजीस्नी दिली असती तर दोन पोरं कमी झाली असती. कुठली दोन ते तुमी सांगा."

कृष्णातनं ते सोडून पुढचं विचारलं.

"आन् अग्नीचं?"

"तुमी सगळी पडला हुता. मी उभी हुते."

हे उत्तर कोणाला आवडलं नाही. खाली मान घालून, रडून बोलली असती तर कदाचित वेगळं झालं असतं. बैठकीनं ठरवलं की बाईनं स्मशानाचं काम केलंय, तिला झऱ्यावर घ्यायचं नाही, तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. मनुबाईनं तिची वळकटी अंगणात टाकली. शालूबाई पोरांना जवळ घेऊन आतच उभी होती. हरणाबाईनं तिच्याकडं एकदा बघितलं. शालूबाईनं नजर वळवली. आपली पोरं कोणामुळं जिवंत आहेत आणि नवरा कोणामुळं गेला, ही दोन्ही उत्तरं एकाच बाईत होती, आणि ती सहन करणं शालूबाईला शेवटपर्यंत जमलं नाही.

वाडीच्या वरच्या अंगाला, राखणीसाठी बांधलेलं एक खोपट होतं. हरणाबाई तिथं राहायला गेली. खालच्या ओढ्याचं पाणी ती प्यायची. उतारावरचा एक पडीक तुकडा खणून तिनं नाचणी लावली. रानडुकरं आली की रात्री पत्र्याचा डबा बडवायची. जी बाई झऱ्यावर एकटी जात नव्हती ती डोंगरावर एकटी राहिली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. भीती असली तरी हातातलं काम थांबत नाही, एवढं तिला कळलं होतं.

पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या आधीच ती शिराळ्याला गेली आणि डॉक्टरांच्या ओट्यावर बसून राहिली. दोन दिवस बसली. त्यांनी शेवटी तिला पिवळ्या गोळ्या दिल्या. कोयनेलच्या जागी आता त्या येत होत्या. भादव्यात ताप आला तेव्हा कृष्णात स्वतः खोपटाशी आला. दारात न येता बांधावर उभा राहिला.

"गोळ्या हायत म्हणं तुज्याकडं."

"हायत."

तिनं कागदाच्या पुड्या करून बांधावर ठेवल्या आणि मागं सरली. त्यानं त्या उचलल्या. तेव्हापासून असंच चाललं. ज्याच्या घरी ताप यायचा तो बांधावर येऊन उभा राहायचा. तिच्या हातची गोळी चालत होती, पाणी चालत नव्हतं. कोणी मेलं आणि उचलायला माणसं कमी पडली तर तिलाच हाक यायची, आणि ती जायची. मनुबाई मात्र तापात पडली तरी गोळी घ्यायची नाही. ती प्रत्येक वेळी जगली.

लढाई संपली आणि पंचेचाळीसच्या हिवाळ्यात आकाराम परत आला. जर्मनांच्या कैदेत होता. केस पांढरे झाले होते आणि खोकला लागला होता. तो आधी आईकडं उतरला. तिथं त्यानं सगळं ऐकलं. खोपटाकडं तो बऱ्याच दिवसांनी आला. हरणाबाई नाचणी झोडत होती. त्याला बघून तिनं पदर सावरला आणि काम थांबवलं.

तो दगडावर बसला.

"आई म्हणती ते खरं हाय?" त्यानं विचारलं.

"गोळ्या न्हाई दिल्या ते खरं हाय."

"पाटापायी?"

तिच्या तोंडात नुसतं 'नाही' आलं होतं. वाडीला तिनं तेवढंच सांगितलं असतं. पण हा माणूस तिच्या भित्रेपणाला कधी हसला नव्हता, म्हणून तिनं त्याला होतं ते सांगितलं.

"पाटापायी न्हाई. पोरांपायी. पर भावजी गेल्याव मला बरं वाटलं. सरणापुढं उभी हुते तवा बरं वाटलं. त्ये खोटं कशाला सांगू?"

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो म्हणाला, "म्या तुला अशी सोडून ग्येलो न्हवतो."

"न्हाई," ती म्हणाली. "तवा मी न्हवतेच अशी."

"वाडीत चल म्हणालो तर येशील?"

"आत्याबाईंच्या पाया पडून, चुकलं म्हणून?"

"तेवढं केलंस तर मिटंल."

"चुकलं न्हाई माजं," हरणाबाई म्हणाली. "तुमी हितं राहाय आला तर भाकरी घालीन. पर खाली येऊन चुकलं म्हणणार न्हाई."

तो उठला. जाताना त्यानं तिची झोडलेली नाचणी सुपात भरून दिली, एवढं एक काम केलं. तो खोपटात राहायला आला नाही. उन्हाळ्यात मुंबईला गिरणीत लागला, आणि वर्षभरात छातीच्या रोगानं तिथंच गेला. ही बातमी हरणाबाईला कृष्णातनं बांधावरून सांगितली. या वेळी ती खरोखरच विधवा झाली होती. तिनं बांगड्या स्वतःच दगडावर फोडल्या. रडली, आणि चार दिवस खोपटाबाहेर आली नाही. त्या चार दिवसांत वर कोणी आलं नाही.

नंतर सरकारी माणसं पंप घेऊन डोंगरात आली. घराघरांतून, गोठ्यांतून त्यांनी वासाचं पाणी मारलं. डास कमी झाले. एकोणपन्नासच्या भादव्यात करंजओढ्यात कोणी मेलं नाही. बांधावर येऊन उभं राहायचं काम उरलं नाही, आणि माणसं वरच्या बाजूला बघायचीही बंद झाली.

त्याच वर्षी आजोबा तिला न्यायला गेले. तोवर त्यांना निम्म्याहून अधिक काही माहीत नव्हतं. त्या मुक्कामात तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती शेंगा फोडत होती, असं आजोबा म्हणायचे, आणि एकदाही हात थांबला नाही.

"आक्का, चल आता," आजोबा म्हणाले. "हितं तुजं कोण ऱ्हायलंय?"

"कोण न्हाई."

"मंग? माळावर आपलं घर हाय. माणसं हायत. तितं तुला कुणी काय म्हणणार न्हाई."

"तितं गेले तर मी ज्ञानूची विधवा भैन. कोपऱ्यात बसून शेंगा निवडायच्या, कुणी दिलं तर खायाचं. तुमी लय चांगलं वागवशिला, मला ठावं हाय." तिनं टरफलं बाजूला सारली. "मला हितं लय वंगाळ वाटतं कदी कदी. सांजंच्या वक्ताला तर नगं वाटतं. पर मी कोण हाय ते मला हितं कळलंय. बाकीच्यास्नी न्हाई कळलं, ते ऱ्हाऊ दे."

"एकटी मरशील हितं."

"मरंन की," ती म्हणाली. "तुज्याकडं आले म्हणून चुकणार हाय व्हय?"

आजोबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ती नुसती हसली आणि विळा घेऊन उताराला गेली, नाचणी कापायला आली होती. आजोबा खाली उतरताना मनुबाईच्या दारावरून गेले. म्हातारी उन्हात बसली होती. तिनं विचारलं, "भणीला न्यायला आलतास काय?" आजोबा व्हय म्हणाले. "येत न्हाई व्हय?" म्हातारी म्हणाली, आणि थोड्या वेळानं, आजोबा वळणाशी पोचल्यावर, मागून पुन्हा म्हणाली, "न्हाईच यायची ती."